तसबिरीसाठी बसण्यापूर्वी

निजामाच्या दरबारात जावयाचे म्हणजे दोन वस्तू अंगावर असाव्याच लागत. डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस. दस्तार म्हणजे हैदराबादी घाटाची बांधीव पगडी, आणि बगलूस म्हणजे शेरवानीवरून आवळावयाचा दरबारी कमरपट्टा. सरदार कितीही थोर असो, या दोहोंवाचून त्याला दरबारात उभे राहता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत हैदराबादच्या उमरावांना असाच आणखी एक दरबार लाभला. तो हुसेनसागराच्या पलीकडे, सिकंदराबादच्या छावणीत भरत असे. तेथे सिंहासन नव्हते. तीन पायांच्या लाकडी घोडीवर एक पेटी होती आणि त्या पेटीच्या पोटात एक काच. या दरबारातही दस्तार आणि बगलूस चढवूनच जावे लागे. मात्र तेवढ्याने भागत नसे. ही काच माणसाच्या पोशाखाचे काय करील, त्याच्या वर्णाचे आणि त्याच्या नजरेचे काय करील, याचा विचार अगोदर करावा लागे.

या दुसऱ्या दरबाराचे यजमान होते लाला दीनदयाळ. त्यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या टॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ च्या सुमारास ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे काढावयाचे आणि खर्चाचे अंदाज बांधावयाचे, हे त्यांचे काम. इंदूर ही होळकरांची राजधानी; गादीवर तेव्हा दुसरे तुकोजीराव होते. वयाच्या तिशीत, १८७४ च्या आसपास, दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली आणि खुद्द तुकोजीराव महाराज या दोघांनीही त्यांना उत्तेजन दिले. पुढे डेलींच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंड व माळव्यातील जुनी देवळे आणि किल्ले पालथे घातले. त्या दौऱ्यातील छायाचित्रांचा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्याकडूनही त्यांना नेमणूक मिळाली. मोजमाप आणि रेघ यांत मुरलेल्या या ड्राफ्ट्समनची शिस्त त्यांच्या छायाचित्रांत पुढे कायम राहिली. त्यांच्या चित्रांतील खांब झुकत नाहीत, आणि माणसांच्या रांगाही झुकत नाहीत.

ते या कलेतील पहिले हिंदी पुरुष नव्हेत, हे येथेच सांगितले पाहिजे. पॅरिसमध्ये दागेर यांची युक्ती १८३९ मध्ये जगापुढे आली आणि पंधरा वर्षांत मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे या कलेचे मुंबईतील आरंभीचे उपासक होत. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत धंदाच मांडला. परंतु हा सारा उद्योग मुख्यत्वे एका शहराच्या सुशिक्षित वर्तुळातला होता. दीनदयाळांचे वेगळेपण असे की, संस्थानिक, गोरे लष्करी अंमलदार आणि पडद्यातील बेगमा या तिन्ही जगांना त्यांनी आपल्या कॅमेऱ्यासमोर बसावयास लावले, आणि हे साधण्यासाठी सिकंदराबादसारखी दुसरी जागा नव्हती. एका अंगाला इंग्रजांची मोठी छावणी आणि दुसऱ्या अंगाला हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत संस्थान!

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना १८८४ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा-अठरा वर्षांचे होते. त्यानंतर लवकरच दीनदयाळांचा मुक्काम या बाजूस पडला आणि सिकंदराबादेत त्यांची चित्रशाळा उभी राहिली. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून राजाबहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रे रेखणारा, आणि जंग हा तर लढवय्यांच्या किताबांतला शब्द. चित्रे काढणाऱ्याला लढवय्याचा मान देणारा हा किताब हैदराबादखेरीज अन्यत्र कोठे सुचला असता, असे वाटत नाही. निजामांनी त्यांच्या स्तुतिपर एक उर्दू शेर रचल्याचेही सांगतात.

आता त्या काचेकडे वळू. दीनदयाळांनी आरंभ केला तेव्हा ओल्या काचेचा जमाना होता. कलोडियन नावाचे चिकट द्रावण काचेवर ओतावयाचे, चांदीच्या क्षारात ती बुडवावयाची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे व लगेच अंधारखोलीत नेऊन ते उमटवावयाचे. दख्खनच्या उन्हाळ्यात काच वाळण्यास किती वेळ लागणार! १८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती प्रसिद्ध केली, आणि सिकंदराबादची चित्रशाळा उभी राहीपर्यंत तशा तयार काचा विकत मिळू लागल्या होत्या. छायाचित्रकाराची धावपळ त्यामुळे पुष्कळ कमी झाली. चित्रासाठी बसणाऱ्याची अडचण मात्र तशीच उरली, कारण जुन्या काचेचा एक मोठा दोष नव्या काचेतही होता. तिला रंग कळत नसत.

कळत नसत म्हणजे सारखेच कळत नसत. निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाने ती काच चटकन काळवंडे, आणि लाल, नारिंगी, पिवळ्या प्रकाशाचा तिच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नसे. कागदावर छाप काढला की हिशेब उलटा होई. निळा पांढुरका दिसे आणि लाल काळा. आभाळी रंगाची शेरवानी घालून आलेला गृहस्थ चित्रात पांढऱ्या कपड्यात दिसावयाचा आणि लाल मखमलीचा अंगरखा शोकाच्या काळ्या वेषासारखा. विडा खाऊन रंगलेले ओठ काळे पडत. गव्हाळ किंवा सावळा वर्ण असेल त्याहून गडद उतरे, आणि त्यात पांढऱ्याशुभ्र पगडीची भर पडली म्हणजे चेहऱ्याचा सारा भाव पगडीच्या उजेडात बुडून जाई. आज माधापूर आणि गच्चीबावलीच्या संगणक कंपन्यांत कचेरीच्या छायाचित्रासाठी निळा सदरा निवडण्याची पद्धत आहे. दीनदयाळांच्या चित्रशाळेत तो सदरा धोब्याकडून आलेल्या चादरीसारखा दिसला असता.

ज्यांच्या घरी पणजी-खापरपणजींच्या जुन्या तसबिरी आहेत, त्यांनी त्या एकदा या दृष्टीने पाहाव्यात. कपाळावरचे कुंकू शाईचा ठिपका पडावा तसे काळे दिसते, ते याच कारणाने. पैठण हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यातच होते, पण तेथील पैठणीचा लाल पदर आणि हिरवे अंग या काचेवर एकाच गडद छटेत मिसळून जात. वेगळा दिसे तो जरीचा काठ, तोही उजेडाकडे वळलेला असेल तेवढाच. औरंगाबादचे हिमरू अंगरख्यांसाठी उमरावांच्या आवडीचे. रेशीम आणि सुताच्या त्या विणकामातील बुट्टी दिसावी असे वाटत असेल, तर रंगावर भरवसा ठेवून चालत नसे. उजेड समोरून न घेता एका बाजूने घ्यावा लागे, म्हणजे विणीचा उठाव सावलीने दिसे. पोशाखाची निवड ही अशी रंगाकडून पोताकडे वळली. घरातील आरशापुढे जे शोभून दिसले ते काचेपुढे शोभेलच असे नाही, हे जाणकार गिऱ्हाइकाला एक-दोन बैठकींनंतर कळत असावे. नवख्याला ते छायाचित्रकाराने समजावून सांगावे लागे, आणि एखाद्या जहागीरदाराला त्याचा आवडता अंगरखा बदलावयास सांगणे हे काम काच धुण्याइतके सोपे खासच नव्हते.

यानंतरचा प्रश्न स्थिर बसण्याचा. दिवसाच्या उजेडावर चालणाऱ्या चित्रशाळेत चित्र घेण्यास ढगाळ दिवशी अधिक आणि लख्ख उजेडात कमी, पण सामान्यतः काही सेकंद तरी लागत. तेवढ्या अवधीत डोके हलले तर चेहरा पुसल्यासारखा होई. म्हणून त्या काळच्या चित्रशाळांत खुर्चीमागे एक लोखंडी दांडा असे, आणि त्याच्या वरच्या टोकाचा चिमटा मानेच्या मागे टेके. समोरून तो दिसत नसे. जुन्या तसबिरींतून आपले पूर्वज इतके करारी दिसतात, त्याचे थोडे श्रेय या दांड्याला दिले पाहिजे. हसू चेहऱ्यावर सेकंदभरच नैसर्गिक राहते, पाच सेकंद धरून ठेवले की ते ओशाळे दिसू लागते. त्यामुळे हसण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. एक हात तलवारीच्या मुठीवर आणि दुसरा टेबलावरील पुस्तकावर, ही जी ठराविक ठेवण दिसते, तीही केवळ डौलासाठी नव्हती. टेकलेला हात थरथरत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर एका लहानशा पुठ्ठ्यात आहे. पॅरिसच्या डिझ्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. सुमारे चार इंच लांब आणि अडीच इंच रुंद अशा पुठ्ठ्यावर ही चित्रे चिकटवीत. भेटीच्या वेळी द्यावयाच्या नावाच्या चिठीएवढा त्याचा आकार, म्हणून त्याचे नावही तेच पडले. दहा-बारा वर्षांनी याहून मोठा, साडेसहा इंचांचा कॅबिनेट नावाचा पुठ्ठा निघाला आणि तो हिंदुस्थानातही पसरला. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघत. अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग लावून तकतकीत केलेल्या कागदावर चांदीच्या क्षाराचा लेप देत, आणि काचेखाली तो उन्हात ठेवला की त्यावर चित्र उमटे. मग सोन्याच्या क्षारात बुडवून त्याला तांबूस-जांभळी छटा आणीत. अशा एकेका बैठकीच्या प्रती डझनांनी काढता येत, आणि त्या इष्टमित्रांना, वरिष्ठ अंमलदारांना, रेसिडेंटाच्या बंगल्यावर आणि विलायतेसही जात. बदली होऊन जाणारा कर्नल आपल्या पलटणीचा समूहचित्राने निरोप घेई. नव्याने हुद्दा मिळालेला अंमलदार त्या हुद्द्याच्या पोशाखात तसबीर काढवून घेई. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही त्यांच्या हाती तो आधी चित्ररूपाने पोहोचे, आणि त्याच्याविषयी जे काही मत व्हावयाचे ते पुष्कळदा त्या पुठ्ठ्यावरच होऊन जाई. ही हौस खरीच, पण तिच्यात कामकाजाचा भाग हौसेहून कमी नव्हता.

निजामाच्या राज्यात त्या वेळी नोकरशाहीची नवी घडी बसत होती. पहिल्या सालारजंगांनी घातलेल्या पायावर नवी खाती उभी राहिली होती, आणि त्यांत उत्तर हिंदुस्थानातून आलेले सुशिक्षित मुसलमान, पारशी, कायस्थ आणि मराठी असे नाना तऱ्हेचे लोक एकत्र आले होते. रायरायां हे मराठी घराणे तर महसुलाच्या दप्तराशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित होते. अशा मिश्र समाजात कोण कोणत्या पायरीवर आहे, हे पोशाखावरून कळे. दस्तारीची ठेवण, बगलुसाचे काम, छातीवरचा बिल्ला, मांडीवर ठेवलेल्या तलवारीची म्यान, हे सारे वाचता येणारे प्रेक्षक होते. म्हणून चित्रशाळेत येणाऱ्याची तयारी घरापासून सुरू होई. कोणता दागिना ठेवावयाचा आणि कोणता उतरवावयाचा, खुर्चीत बसावयाचे की उभे राहावयाचे, मुलाला शेजारी घ्यावयाचे की मागे उभे करावयाचे, हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी त्यांची उत्तरे चुकली तर ती कागदावर कायमची चुकत.

चित्रशाळेतही पुढे हात फिरे. काचेवरील चेहऱ्याच्या भागावर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करून सुरकुत्या आणि देवीचे व्रण सौम्य करण्याची कला त्या काळी सर्वत्र रूढ होती. यात फसवणूक आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु तांबूस डाग काळा करून दाखविणारी काच तरी खरे कोठे बोलत होती? एका खोट्याची दुरुस्ती दुसऱ्या खोट्याने होत असे इतकेच. छायाचित्र खोटे बोलत नाही, हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले त्याने चित्रशाळेची मागची खोली पाहिली नसावी.

खुद्द निजामांची तयारी कशी असेल, याची कल्पना हैदराबादेत आजही करता येते. पुराणी हवेलीत महबूब अली खानांच्या पोशाखांसाठी बांधलेली दुमजली लाकडी कपाटांची लांबच लांब ओळ उभी आहे. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा अंगाला लावीत नसत, असे सांगतात. यातील अतिशयोक्ती वजा केली तरी कपाटे उरतातच. आणि तरीही दीनदयाळांच्या काही छायाचित्रांत हा राजा शिकारीच्या साध्या कपड्यांत दिसतो. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात आले तेव्हाची, मारलेल्या वाघाशेजारची चित्रे प्रसिद्ध आहेत. ज्याच्यापाशी इतकी कपाटे भरलेली आहेत त्याने मुद्दाम साधेपणाने उभे राहावे, हीही एक तयारीच होय. जवाहिराखेरीजही आपण ओळखू येतो, एवढी खात्री असल्यावाचून कोणी तसा कॅमेऱ्यासमोर येत नाही.

पण ज्यांना ओळखू येणेच परवडण्यासारखे नव्हते, त्यांचे काय? हैदराबादच्या देवड्यांमधील स्त्रिया कडक पडद्यात असत. पडद्याची चाल मुसलमान बेगमांपुरतीच नव्हती. अनेक हिंदू जहागीरदारांच्या घरीही ती होती. या स्त्रियांनाही आपली व आपल्या मुलांची तसबीर हवीशी वाटत असली पाहिजे. अडचण अशी की, छायाचित्रकार हा परपुरुष. आणि तो एकटाच कोठे असतो? काच अंधारखोलीत जाते, तेथे एकजण ती धुतो. पेन्सिलीने चेहरा साफ करणारा दुसरा. उन्हात छाप काढणारा तिसरा, आणि पुठ्ठ्यावर चिकटविणारा चौथा. मडमांच्या बाबतीत याचे कोणास काही वाटत नसे. बेगमेच्या बाबतीत मात्र तिच्या चेहऱ्यावरून चार परक्यांच्या नजरा फिरल्या असा याचा अर्थ होई, आणि नंतर ती काच कोणाच्या फळीवर राहणार, हा प्रश्न वेगळाच.

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनाना चित्रशाळा उघडली. तिची सूत्रे त्यांनी केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती दिली. चित्रशाळेभोवती उंच भिंती होत्या, आत पुरुषाला मज्जाव होता, आणि मदतनीसही स्त्रियाच होत्या. डोल्या आणि पडदे लावलेल्या गाड्या त्या भिंतींच्या आत जात. आजवर ज्या तयारीविषयी बोललो ती पोशाखाची आणि ठेवणीची होती. येथे तयारी भिंतीपासून करावी लागली. चेहऱ्यावरचा पडदा दूर व्हावा म्हणून साऱ्या इमारतीभोवती पडदा उभारावा लागला, आणि कॅमेऱ्यामागचा हात बदलावा लागला.

या चित्रशाळेची फारशी चित्रे आज लोकांसमोर नाहीत, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. ती लोकांसमोर यावीत म्हणून काढलेलीच नव्हती. ती देवड्यांच्या आत गेली, पेट्यांमध्ये राहिली. इतिहासाच्या अभ्यासकाला याची हळहळ वाटेल, कारण उमरावांच्या शेकडो तसबिरी उपलब्ध असताना त्यांच्या घरातील स्त्रियांचे चेहरे रिकामे राहतात. पण दिलेला शब्द पाळला गेला, असाही त्या रिकाम्या जागेचा अर्थ लावता येतो. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर दीनदयाळांना यातून नवे गिऱ्हाईक मिळाले हे खरेच. तरी समोर बसणाऱ्याची अट काय आहे हे आधी विचारून मग आपली जागा तशी बांधून घेणारा छायाचित्रकार विरळाच, त्या काळी आणि नंतरही.

धंदा वाढत होता. १८९६ मध्ये मुंबईसही शाखा निघाली. ज्ञानचंद आणि धर्मचंद हे दोन्ही मुलगे कामात होते. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीदर, गोवळकोंडा यांची चित्रे विलायतेच्या संग्रहांत पोहोचली. याच काळात दीनदयाळांच्या कॅमेऱ्यासमोर माणसांचा एक निराळाच समूह आला, आणि तो चित्रशाळेत आला नव्हता.

१८९९ मध्ये पाऊस पडला नाही. त्या आणि पुढच्या वर्षीच्या दुष्काळाने हिंदुस्थानचा फार मोठा भाग होरपळून काढला, आणि निजामाच्या राज्यातील मराठी मुलूख त्यातून सुटला नाही. औरंगाबाद, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेथे दुष्काळनिवारणाची कामे आणि अन्नवाटपाची ठिकाणे उघडण्यात आली. राज्याने केलेल्या लोकोपयोगी कामांची छायाचित्रे दीनदयाळांच्या चित्रशाळेकडून घेतली जात होती, त्यात या कामांचीही घेतली गेली. मदतीच्या ठिकाणी जमिनीवर बसविलेली माणसे त्यांत दिसतात. स्त्रिया, म्हातारे, आणि पोटे आत गेलेली मुले. अंगावर चिंध्या. बरगड्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट, कारण काच आता उत्तम आहे आणि उजेड भरपूर आहे.

या चित्रांत तयारी नाही, असे प्रथम वाटते. पण तसे नाही. माणसे रांगेत बसविलेली आहेत, ती कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि चित्र स्पष्ट आले त्या अर्थी त्यांना हलू नका असे कोणीतरी सांगितले असले पाहिजे. तयारी आहे, पण ती त्यांची नाही. कोणता अंगरखा काचेवर काळा पडेल, हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारण नव्हते. तसबीर हवी की नको हे त्यांना विचारलेले नसणार. ती त्यांच्यासाठी नव्हती. राज्यकारभार चांगला चालला आहे हे दाखविण्यासाठी होती. जनाना चित्रशाळेची भिंत उभी राहिल्याला तेव्हा पुरी आठ वर्षे झाली होती. तेथे एका स्त्रीचा चेहरा परक्याने पाहू नये म्हणून एवढी इमारत बांधली. येथे उघड्यावर बसलेल्या शेतकरणीला पदर सावरण्याइतकी चिंधीही उरली नव्हती, आणि तिचा चेहरा ज्यांना दाखविण्यासाठी घेतला त्यांनी तिला कधी पाहिले नव्हते, ना ती त्यांना पाहणार होती.

दीनदयाळांवर याचा ठपका ठेवणे न्यायाचे होणार नाही. सरकारी कामाची चित्रे सरकारच्या सांगण्यावरून घेतली गेली, आणि ती घेतली गेली नसती तर मराठवाड्याच्या त्या वर्षाचे चेहरे कोठेच उरले नसते. जहागीरदाराच्या तसबिरीतून आपल्याला त्याने निवडलेले तेवढेच कळते. बगलूस कळतो, कर्ज कळत नाही. औरंगाबादच्या त्या रांगांतील माणसांना काहीच निवडता आले नाही, म्हणून त्यांच्या चित्रांत ते वर्ष जसे होते तसे आले आहे. ही जमेची बाजू इतिहासाची. त्या माणसांच्या पदरी मात्र त्यातून काहीही पडले नाही.

दीनदयाळ ५ जुलै १९०५ रोजी वारले. धर्मचंद त्यांच्या आधीच गेले होते. ज्ञानचंदांनी काम पुढे चालविले, पण घरोघरी हातकॅमेरे येण्याचा काळ जवळ आला होता आणि राजेरजवाड्यांवर चालणाऱ्या चित्रशाळांना ओहोटी लागली. १९११ मध्ये महबूब अली खानही गेले. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या साध्या, जुन्या कपड्यांच्या गोष्टी तर सर्वांच्या ऐकण्यातल्या आहेत. कपाटांचा जमाना संपला.

काचा मात्र उरल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळांच्या २,८५७ काचा विकत घेतल्या. २००६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीटही निघाले. काच उजेडापुढे धरली की सारे उलटे दिसते. पांढरी दस्तार कोळशासारखी काळी, काळे डोळे पांढरे, आणि अंधाऱ्या पडद्याच्या जागी लखलखीत उजेड. चित्रशाळेत नोंदवह्या ठेवीत. कोणी केव्हा तसबीर काढविली ते त्यांत लिहीत. त्यामुळे खुर्चीत बसलेल्यांपैकी अनेकांची नावे आज सांगता येतात. औरंगाबादच्या त्या रांगांत बसलेल्यांची नावे लिहून घेण्याचे काम त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. चित्राखाली ठिकाण आणि वर्ष आहे.